तारुण्यपीटिका : शब्द, शरीर आणि विवेक

स्मृतिव्याख्यानाच्या निमित्ताने निघणाऱ्या पुस्तिकेत संतसाहित्य, रंगभूमी, इतिहास अशा भारदस्त विषयांवर लिहावे, असा आपल्याकडे संकेत आहे. ज्याचे आयुष्य भाषा आणि साहित्य शिकवण्यात गेले त्याने चेहऱ्यावरच्या मुरमांवर लिहावे, हे काहींना विषयांतर वाटेल. परंतु ही पुस्तिका ज्यांच्या हाती जाणार आहे त्या माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण आज पालक आहेत, आणि शाळेच्या वरच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांना हा विकार कमीअधिक प्रमाणात होतोच. जो विकार घरोघरी आहे, ज्याच्यावर उपाय आहेत आणि तरीही ज्याच्याविषयी घरात थट्टेपलीकडे काही बोलले जात नाही, त्याविषयी शुद्ध मराठीत चार गोष्टी सांगणे हे भाषेच्या अध्यापकाचेही काम आहे, असे मी मानतो. मी वैद्य नाही. त्वचारोगतज्ज्ञांमध्ये जे सर्वमान्य आहे तेवढेच येथे मांडतो. वाचकांनी ते समजून घेण्यासाठी वाचावे, औषधाची चिठ्ठी म्हणून वाचू नये.

शब्दांचा मागोवा

प्रारंभ माझ्या ओळखीच्या प्रांतातून करतो. मराठीत या विकाराला बोलताना मुरूम, पुटकुळ्या, फोड म्हणतात आणि लिहिताना तारुण्यपीटिका. रस्त्यावर पसरतात तो मुरूम आणि गालावर उठतो तोही मुरूम. या शब्दाच्या उच्चारातच खडबडीतपणा आहे. आपण महाराष्ट्राबाहेरची मराठी माणसे, त्यामुळे शेजारच्या भाषांतील शब्दही आपल्या कानांवर असतात. इंदूर-ग्वाल्हेरकडील मुले ‘मुहाँसे’ म्हणतात, बडोद्याची ‘खील’ म्हणतात, बेळगावकडे कन्नडातील ‘मोडवे’ ऐकू येते. शब्द वेगळे असले तरी लाज एकच आहे.

सुश्रुतसंहितेत या विकाराची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ व्याधींत, केलेली आहे. तेथे त्याला ‘मुखदूषिका’ म्हटले आहे आणि पुटकुळ्यांना शाल्मलीच्या, म्हणजे काटेसावरीच्या, काट्यांची उपमा दिली आहे. काटेसावरीचे कोवळे खोड ज्याने पाहिले आहे त्याला या उपमेचे अचूकपण कळेल. रुंद बुडाचे आणि टोकदार अग्राचे ते काटे आणि गालावरची पुळी यांचा आकार खरोखरच एक आहे. कफ, वात आणि रक्त यांच्या बिघाडातून तरुणांच्या चेहऱ्यावर त्या उठतात, असे तेथील निदान आहे. आजचे शास्त्र दोषांच्या परिभाषेत बोलत नाही; परंतु वयाचा आणि चेहऱ्याचा संबंध त्या निरीक्षकाने नेमका टिपला होता.

इंग्रजीतील ‘अ‍ॅक्ने’ या शब्दाची कथाही मनोरंजक आहे. ग्रीक भाषेत ‘आक्मे’ म्हणजे टोक, शिखर, बहर. सहाव्या शतकातील एटियस या वैद्याच्या ग्रंथात तो शब्द नकलताना ‘म’चा ‘न’ झाला आणि तीच चूक पुढे रूढ झाली, असे मानले जाते. तसे असेल तर आयुष्याच्या बहरात येणारा विकार हा अर्थ ग्रीकांनाही अभिप्रेत असावा. आपला ‘तारुण्यपीटिका’ हा शब्द तोच अर्थ सांगतो. ‘मुखदूषिका’ या शब्दात चेहरा बिघडल्याचा ठपका आहे, तर ‘तारुण्यपीटिका’ या शब्दात वयाची खूण आहे. दोन्ही शब्द आपल्या परंपरेतलेच आहेत. मुलांशी बोलताना यांपैकी कोणता मनात ठेवायचा, हे आपल्या हाती आहे.

त्वचेच्या आत काय घडते

आपल्या त्वचेवरील प्रत्येक केसाच्या मुळाशी एक सूक्ष्म नळी असते आणि तिला लागून तैलग्रंथी असते. ही ग्रंथी एक स्निग्ध द्रव्य तयार करते. ते नळीवाटे वर येऊन त्वचेवर पसरते. चेहरा, छाती आणि पाठीचा वरचा भाग येथे अशा ग्रंथी मोठ्या आणि दाट असतात, म्हणून मुरूमही तेथेच उठतात. तळहात-तळपायांना तैलग्रंथी नसतात आणि तेथे हा विकार कधीच होत नाही.

वयात येताना मुलगे आणि मुली या दोघांच्याही शरीरात अँड्रोजेन गटातील संप्रेरके वाढतात. त्यांच्या प्रभावाने तैलग्रंथी मोठ्या होतात आणि अधिक स्निग्ध द्रव्य स्रवू लागतात. त्याच सुमारास नळीच्या आतल्या अस्तराच्या मृत पेशी, ज्या एरवी सुट्या होऊन बाहेर पडायच्या, त्या एकमेकींना चिकटून राहतात आणि नळीच्या तोंडाशी बूच बसते. आत तेल साचते. प्रत्येकाच्या त्वचेवर निरुपद्रवीपणे राहणारा एक जिवाणू या प्राणवायूविरहित, स्निग्ध जागेत जोमाने वाढतो. त्याचे नाव २०१६ पर्यंत प्रोपिऑनिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस होते. नंतर ते क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस असे झाले. या साऱ्याला शरीराची प्रतिकारयंत्रणा प्रतिसाद देते आणि दाह सुरू होतो. अधिक तेल, बंद नळी, जिवाणू आणि दाह हे या विकाराचे चार पाय आहेत. पुढे सांगितलेला प्रत्येक उपचार यांपैकी एका किंवा अधिक पायांवर घाव घालतो, एवढे ध्यानात ठेवले तरी औषधांची गर्दी गोंधळात टाकत नाही.

बूच वरून उघडे असेल तर काळा ठिपका दिसतो, त्वचेखाली झाकलेले असेल तर पांढुरका कण दिसतो. काळा ठिपका म्हणजे साचलेला मळ नव्हे. त्वचेतील रंगद्रव्य आणि तेल यांचा हवेशी संयोग होऊन तो रंग येतो. दाह झाला की लाल पुळी, पू धरला की पिवळ्या तोंडाची पुटकुळी, आणि दाह खोल उतरला की दुखरी गाठ, अशी ही चढती श्रेणी आहे. गाठींच्या श्रेणीत गेलेला विकार कायमचे व्रण ठेवून जातो, म्हणून तेथे वाट पाहणे हिताचे नसते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. डोळ्यांना पुळी दिसण्यापूर्वी कित्येक आठवडे त्या नळीत सूक्ष्म बूच तयार झालेले असते. आज चेहऱ्यावर जे दिसते त्याची सुरुवात महिना-दोन महिन्यांपूर्वीच झालेली असते. औषधाचा परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात ते यामुळेच, आणि औषध केवळ दिसणाऱ्या पुळीवर न लावता त्या संपूर्ण भागावर लावायचे असते तेही यामुळेच.

समज आणि गैरसमज

आपल्या घरांतून या विकाराची जी कारणे सांगितली जातात ती बहुधा मुलाच्या वर्तनावर बोट ठेवणारी असतात. तोंड धूत नाही, तळलेले खातो, जागरण करतो, पोट साफ नाही, अंगात उष्णता झाली, अशी ती यादी असते. तिची तपासणी करू.

अस्वच्छतेपासून आरंभ करू. मुरूम मळामुळे होत नाहीत. दिवसातून दोन वेळा सौम्य साबणाने किंवा फेसवॉशने चेहरा धुणे पुरेसे आहे. खसखसून घासल्याने किंवा दर तासाला धुतल्याने त्वचा कोरडी होते, चुरचुरते आणि दाह वाढतो. हा विकार संसर्गजन्यही नाही. एका टॉवेलने किंवा शेजारी बसल्याने तो लागत नाही.

आहाराचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. १९६९ साली अमेरिकेत फुल्टन, प्लेविग आणि क्लिगमन यांनी एक प्रसिद्ध प्रयोग केला. काहींना चॉकलेटच्या वड्या दिल्या, काहींना कोको नसलेल्या तशाच वड्या दिल्या. दोन्ही गटांत फरक पडला नाही. त्यावरून आहाराचा काही संबंध नाही, असे अनेक वर्षे शिकवले गेले. परंतु दोन्ही वड्यांत साखर आणि स्निग्धांश भरपूर होते, हा आक्षेप पुढे घेतला गेला आणि तो रास्त होता. २००२ साली कॉर्डेन आणि सहकाऱ्यांनी पापुआ न्यू गिनीतील किटावा बेटावरील १२०० आणि पराग्वेतील आचे जमातीतील ११५ लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. पारंपरिक आहार घेणाऱ्या या लोकांत त्यांना मुरमांचा एकही रुग्ण आढळला नाही. यात आनुवंशिकतेचा वाटा किती आणि आहाराचा किती, हे अशा पाहणीतून वेगळे काढता येत नाही. २००७ साली ऑस्ट्रेलियात ४३ तरुणांवर झालेल्या बारा आठवड्यांच्या प्रयोगात मात्र रक्तातील साखर झपाट्याने न वाढवणारा आहार घेणाऱ्यांचे मुरूम दुसऱ्या गटापेक्षा अधिक कमी झाले. साखर झपाट्याने वाढली की इन्सुलिन वाढते आणि त्याच्याशी निगडित घटक तैलग्रंथींना चेतवतात, अशी ही साखळी आहे. दुधाचाही, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, काही संबंध पाहण्यांतून दिसतो. व्यायामशाळेत जाणारे तरुण घेतात त्या व्हे प्रोटीनच्या भुकटीचाही दिसतो. म्हणून गोड पेये, मिठाई, मैद्याचे पदार्थ यांना आवर घालावा. ज्वारी-बाजरीची भाकरी, डाळी, भाज्या यांना ताटात अधिक जागा द्यावी. परंतु मुलाचे ताट हिसकावून घेण्याइतका हा पुरावा बळकट नाही, आणि केवळ पथ्याने बरा होईल असा हा विकारही नाही.

कारण सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. जुळ्यांचा अभ्यास करून २००२ साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात, मुरमांच्या बाबतीत माणसामाणसांत जो फरक दिसतो त्यापैकी ८१ टक्के फरक आनुवंशिक घटकांनी स्पष्ट होतो, असे आढळले. ज्या वडिलांनी मुलाला तळलेल्या पदार्थांवरून बोल लावायचा, त्यांनीच बहुधा हा वारसा दिलेला असतो.

‘लग्न झाले की जातील’ हेही आपल्याकडचे ठरलेले वाक्य. विशीनंतर अनेकांचा विकार आपोआप ओसरतो आणि लग्नेही त्याच सुमारास होत. दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. शिवाय कित्येक स्त्रियांना तिशी-चाळिशीतही हा त्रास होतो. त्यांतील काहींच्या मासिक पाळीत अनियमितता असते, चेहऱ्यावर राठ केस येतात, वजन वाढते. अशा वेळी पीसीओएससारख्या संप्रेरकविकाराची तपासणी करून घेणे आवश्यक असते.

घरगुती उपायांपैकी लिंबाचा रस आणि टूथपेस्ट ही दोन तरी वर्ज्य मानावीत. दोन्हींनी त्वचा पोळते, आणि लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास काळे चट्टे उठू शकतात. केसांना चोपडलेले तेल कपाळावर ओघळत असेल तर तेथे बारीक पुटकुळ्यांची रांग उठते. केसांना लावायच्या स्निग्ध प्रसाधनांमुळे होणाऱ्या अशा मुरमांचे वर्णन १९७० सालीच वैद्यकीय वाङ्मयात आलेले आहे. तेल लावू नये असे नाही. ते कपाळापासून दूर ठेवावे आणि धुऊन टाकावे.

उपचारांची पायरी

सौम्य विकारासाठी लावण्याची दोन औषधे मुख्य आहेत. पहिले बेन्झॉइल पेरॉक्साइड. ते जिवाणूंना मारते आणि जिवाणूंना त्याची सवय होत नाही, हा त्याचा मोठा गुण. अडीच टक्के तीव्रतेचे औषध दहा टक्क्यांच्या औषधाइतकेच उपयोगी पडते आणि चुरचुर कमी करते. म्हणजे अधिक तीव्र ते अधिक गुणकारी, हा व्यवहारातील समज येथे चालत नाही. या औषधाने उशीचा अभ्रा, टॉवेल आणि शाळेचा गणवेश यांचा रंग उडतो, हे घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

दुसरा गट अ जीवनसत्त्वापासून सिद्ध केलेल्या रेटिनॉइड औषधांचा. अ‍ॅडापलीन आणि ट्रेटिनॉइन ही त्यांतील परिचित नावे. ही औषधे नळीतील बूच सैल करतात आणि नवे बूच बसू देत नाहीत. रात्री, कोरड्या चेहऱ्यावर, संपूर्ण चेहऱ्याला मिळून मटारच्या दाण्याएवढेच औषध लावायचे आणि प्रारंभी एक रात्र सोडून लावायचे, अशी रीत आहे. पहिल्या काही आठवड्यांत त्वचा कोरडी पडते, सोलते, कधी मुरूम थोडे वाढल्यासारखेही वाटतात. येथेच बहुसंख्य तरुण औषध सोडून देतात. औषध लागू पडत नाही अशी तक्रार करणाऱ्यांपैकी कित्येकांनी ते पुरेसे दिवस लावलेलेच नसते. गरोदरपणी ही औषधे वापरू नयेत.

विकार मध्यम असेल तर डॉक्टर काही काळ प्रतिजैविक देतात. ते एकटे देऊ नये, बेन्झॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने द्यावे आणि तीन-चार महिन्यांपलीकडे लांबवू नये, असा तज्ज्ञांचा आग्रह आहे. अन्यथा जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात. जुनी चिठ्ठी दाखवून वर्षभर त्याच गोळ्या आणणे हा आपल्याकडील सर्रास प्रकार म्हणूनच घातक आहे.

तीव्र, गाठींच्या, व्रण ठेवणाऱ्या विकारावर आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घेण्याचे औषध आहे. १९८२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि ज्यांना पूर्वी आयुष्यभराचे व्रण घेऊन वावरावे लागे त्यांची त्यातून सुटका झाली. विकाराच्या चारही पायांवर परिणाम करणारे हे औषध आहे. परंतु त्याची शिस्तही तितकीच कडक आहे. गर्भावर त्याचा अत्यंत गंभीर परिणाम होतो, म्हणून उपचार चालू असताना आणि थांबल्यानंतर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. त्याच काळात रक्तदानही करायचे नसते. यकृताच्या आणि रक्तातील मेदाच्या तपासण्या कराव्या लागतात. ओठ कोरडे पडतात. मनःस्थितीत बदल जाणवल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे लागते. हे औषध त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावे.

मलमाचा मोह

आता ज्या गोष्टीसाठी मी हा विषय मुख्यतः निवडला तिच्याकडे वळतो. आपल्या समाजात मुरूम आणि गोरेपणा यांची गल्लत झालेली आहे. मुलीच्या चेहऱ्यावर डाग राहिले तर स्थळे येणार नाहीत, ही धास्ती घराघरात आहे. १९७५ साली आपल्या देशात बाजारात आलेल्या एका सुप्रसिद्ध प्रसाधनाच्या नावातील ‘फेअर’ हा शब्द २०२० साली जाऊन तेथे ‘ग्लो’ आला. नाव बदलले, समाजाच्या मनातील शब्द बदललेला नाही. याच धास्तीपोटी औषधांच्या दुकानातून, ओळखीच्या बाईकडून, ब्यूटी पार्लरमधून स्टेरॉइडयुक्त मलमे आणली जातात.

या मलमांचे दुर्दैव असे की ती प्रथम गुण देतात. स्टेरॉइडने रक्तवाहिन्या आकसतात, लाली ओसरते, रंग उजळतो; आठवड्याभरात आरसा प्रसन्न होतो. काही आठवड्यांनी त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या जाळीसारख्या दिसू लागतात, चेहऱ्यावर लव वाढते आणि स्टेरॉइडमुळेच नवे मुरूम उठतात. मलम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन जळजळतो, म्हणून ते पुन्हा लावले जाते. हे व्यसनच म्हणावे लागेल. माझ्या अध्यापनकाळात एक बुद्धिमान विद्यार्थिनी हळूहळू शेवटच्या बाकावर सरकली, पुढे ओढणीने चेहरा झाकून बसू लागली आणि पदवीच्या तोंडी परीक्षेला आलीच नाही. दुकानदाराने दिलेले असे एक मलम ती वर्षभर लावीत होती, हे पुढे तिच्या आईकडून कळले. परीक्षेत ती कोणत्याही प्रश्नाला अडली नसती. ती अडली आपल्या चेहऱ्यापाशी.

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी २००८ साली या अवस्थेला ‘टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस’, म्हणजे मलमी स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा, असे नाव दिले आणि त्याविरुद्ध मोहीम उघडली. २०१८ साली केंद्र सरकारने चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीखेरीज विकता येणार नाहीत, असा नियम केला. नियम झाला तरी शेवटची राखण वाचता येणाऱ्या माणसानेच करायची असते. येथे मला माझ्या विषयाचा उपयोग होतो. ट्यूबवरील घटकांची बारीक अक्षरे वाचावीत आणि नावांचे अंत्याक्षर पाहावे. बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन यांच्या शेवटी ‘सोन’ आहे. क्लोबेटासॉलच्या शेवटी ‘सॉल’. फ्लुओसिनोलोनच्या शेवटी ‘लोन’. असे प्रत्यय दिसले की ट्यूब खाली ठेवून त्वचारोगतज्ज्ञाला विचारावे. व्याकरणाच्या प्रत्येक नियमाप्रमाणे यालाही अपवाद आहे. डॅप्सोन हे ‘सोन’ने संपणारे औषध स्टेरॉइड नव्हे आणि ते मुरमांवर खरोखरच देतात. म्हणून प्रत्ययाने सावध व्हावे, निर्णय तज्ज्ञावर सोपवावा. ज्यांनी असे मलम पुष्कळ दिवस लावले आहे त्यांनी ते घाईने एकदम न थांबवता डॉक्टरांच्या सल्ल्याने सोडावे.

डाग, व्रण आणि मन

आपल्या सावळ्या त्वचेत पुळी बसली तरी तिच्या जागी काळसर डाग मागे राहतो. हा डाग म्हणजे व्रण नव्हे. तो काही महिन्यांत फिका होतो, मात्र ऊन लागल्यास रेंगाळतो. म्हणून सनस्क्रीन लावणे हा नखरा नसून उपचाराचा भाग आहे. खोल खड्डे पडलेले व्रण मात्र आपोआप भरत नाहीत. त्यांवर पुढे उपचार करता येतात, पण ते खर्चिक असतात आणि गुण अपुरा येतो. नखाने पुळी फोडणे हा व्रणाकडे जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता आहे.

चेहऱ्यावरच्या व्रणांइतकेच मनावरचे व्रण खरे असतात. मुरमांचा आणि खिन्नतेचा संबंध अनेक अभ्यासांतून दिसून आला आहे. छायाचित्र काढून घेण्यास नकार, स्नेहसंमेलनातून माघार, आरसा टाळणे किंवा आरशापुढे तासन्तास उभे राहणे, अभ्यासातील घसरण, ही लक्षणे पालकांनी आणि शिक्षकांनी ओळखली पाहिजेत. सुश्रुताने या व्याधीला क्षुद्र म्हटले ते प्राणाच्या हिशेबाने. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हिशेबाने ती क्षुद्र नसते. “या वयात सगळ्यांनाच होतात” हे वाक्य खरे असले तरी त्याने कोणाचे समाधान होत नाही. त्यापेक्षा “आपण डॉक्टरांकडे जाऊ आणि तीन महिने धीर धरू” हे वाक्य अधिक मराठी आहे, असे मी म्हणेन, कारण त्यात मायेचा आणि व्यवहाराचा मेळ आहे.

शाळेला माझी एवढीच विनंती आहे की आरोग्याच्या तासाला या विषयासाठी अर्धा तास द्यावा. टोपणनावांवर शिक्षकांनी हसू नये आणि हसणाऱ्यांना थांबवावे. पालकांनी घरातील मलमांची पेटी एकदा उघडून नावे वाचावीत. ज्या शाळेने आपल्याला अक्षर वाचायला शिकवले तिच्या स्मृतिपुस्तिकेतून ट्यूबवरचे अक्षर वाचण्याची आठवण करून द्यावी, यात मला काही वावगे वाटत नाही.